विश्लेषण : ‘एक्सटी ६०’ म्हणजे साठ अँपिअर नव्हे! आरसी स्पीड कंट्रोलरचा कनेक्टर आधी का जातो?

रेडिओ कंट्रोलवर उडणाऱ्या विमानाची मोटर हवेत क्षणभर अडखळते, पुन्हा सुरू होते, पुन्हा अडखळते आणि मग रिमोटच्या कांडीला प्रतिसादच मिळत नाही. माळरानावर विखुरलेले थर्माकोलचे तुकडे गोळा करताना पहिला संशय बॅटरीवर जातो, दुसरा रेडिओवर आणि तिसरा स्पीड कंट्रोलरवर. कंट्रोलर बदलला जातो, काही हजार रुपये खर्च होतात आणि महिनाभरात तीच तक्रार परत येते. कारण दोष अनेकदा कंट्रोलरच्या आत नसतोच. तो असतो त्याच्या दोन जाड तारांच्या टोकाला लावलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या पिवळ्या कनेक्टरमध्ये. शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळणारी ही जोडी टायर किंवा पंख्याच्या पात्यासारखी झिजणारी वस्तू आहे. मात्र छंदाच्या दुनियेत ती एकदा सोल्डर केली की कायमची झाली, असे समजले जाते. ही समजूत महागात कशी पडते, हे पाहू.

ईएससी नेमका काय करतो?

इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर, म्हणजे ‘ईएससी’, बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये बसतो. लिथियम पॉलिमर अर्थात लिपो बॅटरीतून येणारा एकदिश प्रवाह तो मॉसफेट नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या मदतीने सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो आणि ब्रशलेस मोटरच्या तीन तारांना क्रमाने देतो. रिमोटवरचा थ्रॉटल वाढवला की मोटरला मिळणारी शक्ती वाढते. बॅटरीकडच्या बाजूला त्याच्यावर एक किंवा अनेक कपॅसिटर असतात. या झपाट्याच्या चालू-बंदमुळे व्होल्टेजमध्ये जे हेलकावे येतात, ते शोषून घेण्याचे काम त्यांचे. हे कपॅसिटर लक्षात ठेवायला हवेत, कारण पुढे दिसणाऱ्या ठिणगीचे मूळ तेच आहेत.

बऱ्याच लहान मॉडेलमध्ये ईएससीच रिसिव्हर आणि सर्व्हो मोटरनाही वीज पुरवतो. ‘बीईसी’ नावाचे छोटे सर्किट बॅटरीचे व्होल्टेज कमी करून ५ ते ६ व्होल्ट बाहेर देते. म्हणजे मुख्य कनेक्टरमधला संपर्क तुटला तर फक्त पंखा थांबत नाही, विमानाचे कानही बंद होतात. जमिनीवरची गाडी अशा वेळी रस्त्यात उभी राहते किंवा होत्या वेगाने जाऊन भिंतीवर आदळते. विमान कुठे पडेल, हे कोणाच्याच हातात राहत नाही.

नावातला आकडा खरा की खोटा?

या छंदाच्या सुरुवातीच्या काळात हा प्रश्न फारसा नव्हता. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये आपली पहिली रेडिओ कंट्रोल गाडी आणली. तिच्या पिढीतल्या गाड्यांमध्ये ७.२ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी, ब्रशची मोटर आणि पांढऱ्या प्लास्टिकचा साधा कनेक्टर हे समीकरण रूढ झाले. दहा-पंधरा अँपिअरसाठी तो कनेक्टर पुरेसा होता. पुढे ब्रशलेस मोटर आणि लिपो बॅटरी आल्या आणि प्रवाह एकदम पन्नास, शंभर अँपिअरच्या घरात गेला. चपट्या पात्यांचे ‘डीन्स’, निळे ‘ईसी ३’ आणि ‘ईसी ५’ व पिवळे ‘एक्सटी ६०’ हे कनेक्टर त्या गरजेतून लोकप्रिय झाले. भारतात आज सर्वाधिक दिसतो तो एक्सटी ६०. साडेतीन मिलिमीटर जाडीच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या दोन पिना आणि भोवती नायलॉनचे घर, अशी त्याची रचना असते.

त्याच्या नावातला ६० हा आकडा वाचून तो साठ अँपिअर सतत वाहून नेईल, असे ग्राहक समजतो. एक्सटी मालिका बनवणाऱ्या चीनमधील अ‍ॅमास कंपनीच्या स्वतःच्या तांत्रिक पत्रकात मात्र एक्सटी ६० साठी सततचा प्रवाह ३० अँपिअर आणि क्षणिक प्रवाह ६० अँपिअर दिला आहे. धाकट्या एक्सटी ३० चे आकडे १५ आणि ३० आहेत. म्हणजे नावात आहे ती क्षणाची मर्यादा आणि कामाची मर्यादा तिच्या निम्मी. विक्रीच्या पानांवर मात्र मोठाच आकडा ठळक असतो. कोणत्या जाडीच्या तारेवर, किती तापमानवाढीपर्यंत हा आकडा मोजला, हे तर तिथे क्वचितच सापडते. तारेची जाडी गौण नाही. जाड तांब्याची तार कनेक्टरमधली उष्णता ओढून बाहेर नेते. बारीक तार लावली तर तोच कनेक्टर त्याच प्रवाहाला जास्त तापतो.

यात आणखी एक गंमत आहे. पुष्कळ ईएससी नुसत्या उघड्या तारांसह विकले जातात. त्यावर ‘६० अँपिअर’ असे छापलेले असते ते आतल्या इलेक्ट्रॉनिक्सबद्दल. टोकाला कोणता कनेक्टर लावायचा, हा निर्णय विकत घेणाऱ्याचा. साखळीतला सर्वांत कच्चा दुवा अशा रीतीने कोणाच्याच हमीखाली येत नाही.

एक मिलिओहम म्हणजे किती?

धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते डोंगरदऱ्यांसारखे असतात. एकमेकांना खरोखर टेकतात ती फक्त काही शिखरे. विद्युत संपर्कांच्या शास्त्राचा पाया घालणारे राग्नार होल्म यांनी हीच गोष्ट गणितात मांडली. सगळा प्रवाह या मोजक्या ठिपक्यांतून जातो, म्हणून कनेक्टरची गुणवत्ता त्याच्या आकारापेक्षा दोन भागांमधल्या दाबावर आणि पृष्ठभागाच्या स्वच्छतेवर ठरते.

नव्या, चांगल्या एक्सटी ६० मध्ये एका पिनेच्या संपर्काचा रोध साधारण अर्धा मिलिओहम असतो. दोन पिना मिळून एक मिलिओहम. ५० अँपिअर प्रवाह वाहत असेल तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या सूत्राने अडीच वॅट उष्णता तयार होते. एवढी उष्णता तारांमधून आणि हवेत सहज निघून जाते. आता झीज आणि काजळीमुळे प्रत्येक पिनेचा रोध पाच मिलिओहम झाला, असे समजू. आकडा अजूनही किरकोळ वाटतो. घरातला साधा मल्टिमीटर तो शून्यच दाखवेल. पण उष्णता होते २५ वॅट. हॉबीवाल्यांच्या टेबलावर असतो तो सोल्डरिंग आयर्नही २५ वॅटचाच असतो. कनेक्टरवरचे सोल्डर आपोआप वितळून तार गळून पडल्याच्या तक्रारी ऐकू येतात, त्यामागे हे साधे गणित आहे. शिवाय अर्धा व्होल्ट वाटेतच खर्च होतो. बॅटरी संपत आलेली असताना हा अर्धा व्होल्ट ईएससीला ‘बॅटरी संपली’ असे भासवायला पुरतो आणि तो मोटर तोडतो.

प्रवाहाचा वर्ग असल्यामुळे सरासरीही फसवते. एखादी गाडी निम्मा वेळ ६० अँपिअर आणि निम्मा वेळ शून्य घेते. दुसरी सतत ३० अँपिअर घेते. दोघींची सरासरी एकच, बॅटरीही सारखीच उतरते, पण पहिलीच्या कनेक्टरमध्ये दुप्पट उष्णता तयार होते. वळणावळणाच्या ट्रॅकवर पूर्ण थ्रॉटल आणि ब्रेक यांच्यात झुलणाऱ्या गाड्यांचे कनेक्टर लवकर का काळवंडतात, याचे उत्तर इथे आहे.

हा रोध एकदा वाढला की तो पुन्हा कमी होत नाही. उष्णतेने पितळी पिनेतली स्प्रिंगसारखी ताकद हळूहळू सैल पडते, दाब घटतो, त्यामुळे रोध वाढतो, त्यातून आणखी उष्णता येते. इस्त्री किंवा गिझरचा प्लग आधी कोमट लागतो, मग भोक तपकिरी होते आणि एक दिवस जळका वास येतो, ते घरोघरी पाहिलेले चित्र. इथे फक्त प्रवाह कितीतरी पट जास्त आहे, म्हणून तो प्रवास काही महिन्यांत उरकतो.

जोडताना ठिणगी का उडते?

बॅटरी लावताना ‘टक्’ असा आवाज आणि निळसर ठिणगी अनेकांना शुभशकुन वाटते, वीज आली असे समजते. प्रत्यक्षात तो ईएससीवरचे रिकामे कपॅसिटर भरण्याचा क्षण असतो. रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्ट सर्किटसारखा वागतो. सहा सेलची बॅटरी पूर्ण भरलेली असताना २५.२ व्होल्ट देते. वाटेतला एकूण रोध ५० मिलिओहम धरला तर कागदावर पहिला झटका ५०० अँपिअरचा निघतो. तारांच्या प्रेरकत्वामुळे तो प्रत्यक्षात थोडा बोथट होतो आणि सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरताच टिकतो. पण पिना अजून पूर्ण बसलेल्या नसतात, टेकलेले असते ते एखादेच टोक, आणि सगळा झटका त्या टोकावर येतो. तिथला सोन्याचा मुलामा उडतो, धातूवर बारीक खड्डा पडतो, काजळी धरते.

व्होल्टेज वाढले की हे नुकसान सरळ रेषेत वाढत नाही. कपॅसिटरमधली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तीन सेलच्या बॅटरीवर ०.०८ ज्यूल साठवतो, सहा सेलवर ०.३२ ज्यूल आणि बारा सेलवर जवळजवळ १.२७ ज्यूल. जेवढी ऊर्जा साठते, जवळपास तेवढीच भरताना वाटेत उष्णतेच्या रूपात जाते. म्हणून तीन सेलच्या विमानावर वर्षानुवर्षे ठिणगीकडे दुर्लक्ष करून काही बिघडले नाही, हा अनुभव सहा किंवा बारा सेलकडे जाताना उपयोगाचा नाही.

यावरचा उपाय जुना आणि सोपा आहे. मुख्य संपर्क होण्याआधी क्षणभर एका रोधातून कपॅसिटर भरून घ्यायचे. ‘एक्सटी ९० एस’ या प्रकारात हिरवी कडी दिसते, तिथे आत ५.६ ओहमचा रोध असतो. पिन आधी त्याला टेकते. सहा सेलवर मग पहिला झटका शेकडो अँपिअरचा न राहता साडेचार अँपिअरचा होतो आणि तीस मिलिसेकंदांच्या आत कपॅसिटर भरतात. पिन पुढे सरकून मुख्य संपर्कात बसते तेव्हा ठिणगीला जागाच उरत नाही. कनेक्टर अर्धवट घालून ठेवला तर मात्र पुढचा सगळा प्रवाह त्या इवल्याशा रोधातून जातो आणि तो जळतो. एकदा जळला की कनेक्टर बाहेरून तसाच दिसतो, फक्त ठिणगी परत येते.

फोनच्या चार्जरला असे होत नाही, मग इथेच का?

यूएसबी-सी जोडणी दहा हजार वेळा घालता-काढता यावी, अशी तिच्या मानकातच अट आहे. दिवसातून तीन वेळा चार्जर लावला तरी ती नऊ वर्षे पुरते. पण तिथे एक चतुराई आहे. केबलच्या दुसऱ्या टोकाला खरोखर उपकरण आहे, याची खात्री झाल्याशिवाय यूएसबी-सी चार्जर मुख्य पिनांवर व्होल्टेज सोडतच नाही आणि जास्त व्होल्टेज हवे असेल तर आधी दोन्ही बाजूंची बोलणी होतात. पिना निवांत बसतात, मग वीज येते. आरसी बॅटरीत मात्र पिना कायम जिवंत असतात. बंद करण्याचे बटण नाही, बोलणी नाहीत, आणि प्रवाह दहा-वीस पट. कनेक्टरकडूनच स्विचचे काम करून घेतले जाते, ज्यासाठी तो बनलेला नाही.

विद्युत कनेक्टरच्या चाचण्यांसाठी आयईसी ६०५१२ सारखी आंतरराष्ट्रीय मानके आहेत. किती वेळा घातल्या-काढल्यावर रोध किती वाढला, हे मोजायची पद्धत त्यात आहे. हॉबी बाजारातल्या पाकिटावर मात्र घालण्या-काढण्याच्या आयुष्याचा आकडा नसतो. नकली मालाचा प्रश्न त्यावर वेगळा. सोन्याचा थर नावापुरता असला तरी पहिल्या दिवशी दोन्ही जोड्या सारख्याच चमकतात. फरक पन्नासाव्या वेळी कळतो, जेव्हा खालचे पितळ उघडे पडून हवेशी संयोग पावू लागते. विक्रेत्यांनी सततचा प्रवाह, तारेची जाडी आणि जोडणीचे आयुष्य एवढ्या तीन ओळी छापल्या तरी निम्मा घोळ मिटेल. त्याला खर्च काहीच नाही.

ईएससीकडची बाजूच आधी का झिजते?

हा भाग सर्वांत कमी बोलला जातो. सुरक्षिततेचा रिवाज असा, की बॅटरीवर सॉकेट म्हणजे आत दडलेली बाजू लावायची आणि ईएससीवर पिना. बॅटरी कायम जिवंत असल्याने तिची टोके उघडी राहू नयेत, हा त्यामागचा योग्य विचार. पण एक्सटी मालिकेत चिरा पाडलेला, दाबला जाणारा, स्प्रिंगसारखा भाग म्हणजे पिना. त्या ईएससीच्या वाट्याला येतात.

आता हिशेब मांडू. एका विमानाला पाच बॅटऱ्या आहेत आणि प्रत्येक बॅटरी शंभर वेळा उडवली. प्रत्येक बॅटरीचा सॉकेट शंभर वेळा विमानाला आणि शंभर वेळा चार्जरला जोडला गेला, एकूण दोनशे वेळा. चार्जरला जोडताना प्रवाह पाच-सहा अँपिअर, म्हणजे नगण्य. ईएससीच्या पिना मात्र तेवढ्याच काळात पाचशे वेळा घातल्या-काढल्या गेल्या. पाचशे वेळा ठिणगी खाल्ली आणि पाचशे वेळा पूर्ण प्रवाह वाहिला. बॅटऱ्या जुन्या झाल्या की टाकल्या जातात, नव्या बॅटरीबरोबर नवा सॉकेट येतो. ईएससी तोच राहतो, पिना त्याच राहतात.

झिजलेली पिन एकटी मरत नाही. खड्डे पडलेले टोक प्रत्येक वेळी सॉकेटच्या आतला मुलामा खरवडते. सैल पिनेमुळे तापलेला कनेक्टर समोरच्या सॉकेटचे नायलॉनही मऊ करतो. पाचही बॅटऱ्या पाळीपाळीने त्याच पिनांना लागतात, त्यामुळे महिनाभरात पाचही सॉकेट खराब दिसू लागतात आणि मालकाला वाटते, बॅटऱ्यांचा संच निकृष्ट निघाला. मग तो बॅटरीवरचे कनेक्टर बदलतो, ईएससीवरचा तसाच ठेवतो. नवे सॉकेटही त्याच वाटेने जातात. क्लबमध्ये एकमेकांच्या बॅटऱ्या उसन्या घेण्याची चांगली पद्धत असते. तीतून हा दोष एका विमानातून दुसऱ्यात जातो.

पिना सैल झाल्या की त्यांच्या चिरेत कटरचे पाते घालून त्या किंचित फाकवायचा देशी उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. तो मैदानावरचा दिवस निभावून नेण्यापुरता ठीक. सैल पडलेले पितळ फाकवल्याने जागेवर येते, त्याची ताकद परत येत नाही. दुसरी सवय म्हणजे काळी पिन पॉलिश पेपरने घासून चमकवणे. काजळीबरोबर उरलेले सोनेही जाते आणि खडबडीतपणा वाढतो. मुंबई-कोकणच्या खाऱ्या दमट हवेत अशी उघडी पितळी पिन एका पावसाळ्यात मंद पडते. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि सुती कापड यापलीकडे तिच्याशी झटापट न केलेली बरी.

सोल्डरिंगमध्ये काय बिघडते?

पुष्कळ कनेक्टर पहिल्या उड्डाणाआधीच निम्मे मेलेले असतात. जाड तार आणि पिनेचा कप यांना पुरेशी उष्णता द्यायला जोरदार, रुंद टोकाचा आयर्न लागतो. २५ वॅटच्या बारीक टोकाने काम करायला गेले की धातू तापत नाही, म्हणून तो मिनिटभर धरून ठेवला जातो. तेवढ्या वेळात नायलॉन मऊ होऊन पिन वाकडी बसते किंवा आत सरकते. पिन अर्धा मिलिमीटर वाकडी झाली तरी दाब एकाच बाजूला येतो आणि संपर्काची जागा घटते. साठ-ऐंशी वॅटचा आयर्न दोन-तीन सेकंदांत काम करतो आणि नायलॉनला कळतही नाही. सोल्डर करताना समोरचा सुटा, बॅटरीला न जोडलेला कनेक्टर घालून ठेवला तर पिना सरळ राहतात आणि उष्णताही वाटली जाते.

दुसरा दोष बाहेरून दिसत नाही. सोल्डर जास्त झाले तर ते सिलिकॉन तारेच्या बारीक धाग्यांमधून वर चढते. मऊ तारेचा तेवढा तुकडा काडीसारखा कडक होतो आणि सगळे वाकणे त्या कडक भागाच्या कडेला येते. तिथले तांब्याचे धागे एकेक करून तुटत जातात. हीट श्रिंक ट्यूबखाली हे चालू असल्यामुळे कळते तेव्हा मोजके धागे उरलेले असतात. कनेक्टर काढताना तारेला धरून ओढण्याची सवय या दोषाला खतपाणी घालते.

मोटरकडच्या तीन तारांवरच्या गोल बुलेट कनेक्टरची कथा थोडी वेगळी आहे. ते वारंवार काढले जात नाहीत, म्हणून घर्षणाने झिजत नाहीत. पण मोटरच्या थरथरीत दोन पृष्ठभाग सतत सूक्ष्म घासत राहतात. तीनपैकी एक तार क्षणभर सुटली तर सेन्सर नसलेल्या मोटरमध्ये ईएससीला रोटर कुठे आहे हे कळेनासे होते, तो चुकीच्या वेळी चुकीच्या गुंडाळीला प्रवाह देतो आणि मॉसफेट जळतात. दोन रुपयांच्या बुलेटमुळे काही हजारांचा ईएससी जातो तो असा. रेसिंग ड्रोन बनवणारे म्हणूनच मोटरच्या तारा थेट बोर्डावर सोल्डर करतात. दुरुस्ती थोडी कठीण होते, पण तीन सांधे कमी होतात.

बॅटरीकडचा संपर्क ब्रेक लावताना तुटला तर धोका उलट दिशेने येतो. ब्रेकमध्ये मोटर जनित्रासारखी वागते, तिची वीज बॅटरीत परत जात असते. वाट तुटली की ती ऊर्जा कपॅसिटरमध्ये साचते आणि ईएससीचे व्होल्टेज मर्यादेबाहेर जाऊ शकते.

हा फक्त छंदाचा प्रश्न आहे का?

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळांमध्ये रोबो आणि ड्रोन बनवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातात हेच कनेक्टर असतात. २०१४ मध्ये पुण्यात एबीयू रोबोकॉनची आंतरराष्ट्रीय फेरी झाली. त्यानंतर हे वेड राज्यात वाढतच गेले आहे. स्पर्धेच्या आदल्या रात्री घाईत केलेले सोल्डरिंग आणि ऐन सामन्यात बंद पडलेला रोबो यांचे नाते कोणत्याही संघाला समजावून सांगावे लागत नाही.

आता त्याहून मोठी गोष्ट शेतात उतरली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. महिलांच्या १५ हजार बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याची ही योजना. फवारणीच्या ड्रोनची बॅटरी साधारण दहा-पंधरा मिनिटांत उतरते आणि बांधावर लगेच बदलावी लागते. दिवसाला वीस उड्डाणे धरली तर ड्रोनच्या बाजूचा कनेक्टर महिन्याच्या पंचवीस दिवसांत पाचशे वेळा घातला-काढला जातो. हौशी विमानाचे पाच बॅटऱ्यांचे आयुष्य तिथे एका महिन्यात संपते. त्यातही व्होल्टेज जास्त, अंगावर औषधाचे तुषार आणि हातात माती. अशा अनेक ड्रोनवर ठिणगीरोधक कनेक्टर असतात, हे बरे आहे. पण प्रशिक्षणात उड्डाणाइतकाच वेळ या पिना पाहायला शिकवण्यावर द्यायला हवा. ड्रोन पडला तर बचत गटाच्या हंगामाचे उत्पन्न पडते. ते थर्माकोलच्या विमानासारखे गोंदाने चिकटवता येत नाही.

बिघाड आधी कसा ओळखायचा?

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे बोट. उड्डाण संपल्यावर थ्रॉटल बंद असताना बॅटरी काढण्यापूर्वी कनेक्टरला आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावरच्या तारेला हात लावून पाहावा. तार कोमट आणि कनेक्टर चटका बसेल इतका गरम असेल, तर उष्णता सांध्यात तयार होते आहे. दोन्ही सारखेच गरम असतील, तर कनेक्टर ठीक आहे, तारच कमी जाडीची आहे. घालताना पूर्वीइतका जोर लागत नाही, पिवळे नायलॉन पिनेभोवती तपकिरी झाले आहे, बॅटरी लावल्यावर ईएससी दोनदा सुरू झाल्याचे सूर वाजवतो, या खुणा त्यानंतरच्या.

नेमके मोजायचे तर मल्टिमीटर रोधावर न लावता मिलिव्होल्टवर लावावा. चार्जरच्या डिस्चार्ज सोयीने कनेक्टरमधून माहीत असलेला प्रवाह, समजा दहा अँपिअर, वाहू द्यावा आणि एकाच पिनेच्या दोन बाजूंच्या सोल्डरवर टोके ठेवावीत. अर्धा मिलिओहमच्या निरोगी संपर्कावर पाच मिलिव्होल्ट दिसतील. वीस-तीस दिसले, तर त्या कनेक्टरची वेळ भरली. दोन्ही पिनांचे आकडे वेगळे आले तर आधी सोल्डरिंग तपासावे. चार्जरकडे दहा अँपिअरचा डिस्चार्ज नसेल तर कमी प्रवाहावरही चालते, त्या प्रमाणात मिलिव्होल्ट कमी येतील.

बदलायचा कधी आणि कसा?

दरवर्षी मोसमाच्या सुरुवातीला ईएससीकडचा कनेक्टर बदलणे, मग तो चांगला दिसत असला तरी, हा नियम कंजूष वाटत नाही. वर्षाला एक जोडी लागते. सुरुवात ईएससीपासून करावी. बॅटऱ्यांचे सॉकेट त्यानंतर तपासावेत आणि ज्यांच्या आत काळे डाग दिसतात तेवढेच बदलावेत. सततचा प्रवाह ३० अँपिअरच्या वर राहत असेल तर नव्या एक्सटी ६० वर पैसे घालवण्यापेक्षा एक पायरी वरचा कनेक्टर घ्यावा, आणि सहा सेल व त्यावर ठिणगीरोधकच.

ईएससीचे काम बॅटरी दूर ठेवून होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. बॅटरीवरचा कनेक्टर बदलताना मात्र वीज बंद करता येत नाही. तिथे एका वेळी एकच तार कापावी, तिचे टोक लगेच टेपने झाकावे, नवीन पिनेला सोल्डर करून हीट श्रिंक चढवावी आणि मगच दुसरीला हात लावावा. लाल आणि काळी तार एकत्र धरून कात्री चालवली तर कात्रीची पातीच दोन्ही टोके जोडतात, आणि ५००० मिलिअँपिअर-तासांची लिपो त्या पात्यांमधून शेकडो अँपिअर सोडायला क्षणाचाही वेळ घेत नाही.